शीळच्या डोंगरावरून ठाण्याला हाक

आम्ही शीळच्या डोंगरावर गेलो ते दामले मास्तरांच्या हट्टापायी. नाहीतर बैलगाडीत मोटारीची बॅटरी घालून, भर उन्हात डोंगर चढायची हौस शहाण्या माणसाला नसते. तशी आमच्यात शहाणी माणसं कमीच होती म्हणा.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. हौशी रेडिओवाल्यांचा आमचा छोटा क्लब दर रविवारी डोंबिवलीत वसंतदादांच्या पडवीत भरायचा. लढाईनंतर भंगारात निघालेले लष्करी सुटे भाग मुंबईच्या बाजारातून आणायचे, त्यांचे सेट जुळवायचे, सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि मग कट्ट-कडकट्ट करत लांबच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, हा आमचा उद्योग. शेजारी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत. भाग लष्कराचेच असल्यामुळे आम्हाला उलट उत्तरही देता येत नसे.

आम्हा सगळ्यांना ती कट्ट-कडकट्ट, म्हणजे टिंबं आणि रेघांची मोर्सची तारभाषा, दामले मास्तरांनी शिकवली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले तारमास्तर, ठाण्याला तलावाजवळ एकटे राहायचे. त्यांचं म्हणणं असं, की बोलण्यात जसा प्रत्येकाचा आवाज वेगळा, तसा तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा. टिंब कोण कसं मारतो, रेघ कोण किती ओढतो, यावरून ते माणूस ओळखायचे. माझ्या हातावर त्यांचा विशेष राग. "कुसुम, शेवटची रेघ लांब ओढू नकोस, वेणी घालत नाहीयेस!" हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि एका रविवारी मास्तर म्हणाले, "माझे कान गेले. आता सेट तुम्ही घेऊन जा, मी परवाना परत करतो."

मास्तरांना बायको नाही, मूल नाही. दिवेलागणीला सेट सुरू करून बसणं, एवढंच त्यांचं घर. ते गेलं तर माणूस काय करणार? वसंतदादांनी खूप गळ घातली, तेव्हा मास्तरांनी एक अट मान्य केली. पुढच्या रविवारी दुपारी दोन ते तीन आम्ही कुठूनतरी लांबून हाक द्यायची, पण नाव सांगायचं नाही. त्यांना एक जरी हात ओळखता आला, तर सेट राहील. नाही आला, तर आम्ही त्याच संध्याकाळी ठाण्याला जाऊन तो उचलायचा.

रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघं निघालो: वसंतदादा, त्यांची बायको शालिनीवहिनी आणि मी. वहिनी बरोबर आहेत म्हटल्यावर आमच्या वडिलांनी मला सोडलं. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा पाच मिनिटं चाललं की शेतं लागत. पांडूदादाची बैलगाडी तीन रुपयांत ठरवली होती, बैलांच्या पेंढीसकट. मानपाड्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे मात्र खड्डे असे, की बॅटरी मांडीवर घेऊन बसावं लागलं. आज तुम्ही त्याच रस्त्याने गेलात तर अर्ध्या तासात पोचाल असं वाटतं, पण गर्दीमुळे बैलगाडीइतकाच वेळ लागतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

"दादा, या पेटीन कं हाय? बाँब तं नय ना?" पांडूदादाने विचारलं.

"रेडिओ आहे. यातून ठाण्याच्या माणसाशी बोलायचंय."

"ठान्याला? मंग गारीनंच नेला असता ना तुमाला!"

शीळच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्याचं घर. त्याची बायको हौसाकाकी अंगणात पोपटी लावायच्या तयारीत होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडं मीठ, पुन्हा पाला, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. थंडी सरत असताना त्या बाजूला गेलात तर दुसरं काही खाऊ नका. "डोंगरावर जाऊन या, तवर शिजंल," ती म्हणाली.

चढण तासाभराची. पांडूदादाने आणि वसंतदादांनी बॅटरी काठीला लटकवून नेली, आम्ही दोघींनी सेट आणि तारेची भेंडोळी. वर दोन आंब्यांच्या मधे तार ताणली. तिथून एका बाजूला खाडी चमकत होती, दुसरीकडे कल्याणची बाजू धुरकट दिसत होती. मी इतकी खूश होते, की वहिनींना गाणं म्हणून दाखवलं. मग वसंतदादा म्हणाले, "चला, किल्ली द्या."

किल्ली म्हणजे ठोकळ्यावर बसवलेली पितळी दांडी. ती दाबली की तारेवर ठोका जातो. तिच्याशिवाय आमचा सगळा सरंजाम म्हणजे नुसतं ओझं. ती माझ्याकडे होती. आदल्या दिवशी सराव करून मी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे ठेवली होती, आईची आदळआपट नको म्हणून. आणि ती तिथेच राहिली होती.

वसंतदादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते घड्याळाकडे बघत राहिले. साडेबारा वाजले होते आणि डोंबिवलीला जाऊन येणं शक्य नव्हतं. त्यांनी तारेची दोन उघडी टोकं एकमेकांना लावून पाहिली. ठिणग्या उडाल्या आणि रेघेचं फरफटत काहीतरी भलतंच झालं. मी दगडावर बसून ढसाढसा रडले. माझ्या विसराळूपणापायी म्हाताऱ्या माणसाचा सेट जाणार होता.

एवढ्यात हौसाकाकी भाकऱ्या घेऊन वर आली. "पोरी, कं झाला गो? कला ररतंस?"

वहिनींनी सांगितलं. काकीने काखेतला पितळी पानाचा डबा पुढे ठेवला आणि रडणाऱ्या माणसाला पान लावायला बसली. अडकित्त्याने सुपारी फोडली, आणि अडकित्ता डब्याच्या झाकणावर टक्कन आपटला.

वसंतदादा ताडकन उठले. "काकी, हा डबा आणि अडकित्ता द्याल?"

"डबा माजे लग्नानचा हाय! डबा जिकरं जाल तिकरं मी."

"कुठे जात नाही. इथेच बसा."

डबा लाकडी फळीवर ठेवून त्याला एक तार जोडली, अडकित्त्याला दुसरी, सेटच्या पत्र्याकडची, म्हणजे हाताला झटका न देणारी. अडकित्ता झाकणावर टेकला की ठोका. "डब्याला कुणी हात लावायचा नाही, झटका बसेल," दादांनी बजावलं. काकी तरीही नजर न हलवता डब्याजवळच बसली.

दोन वाजता वसंतदादांनी हाक दिली. क्लबात सर्वांत स्वच्छ हात त्यांचा. रोमन अक्षरांत मराठी, नेहमीसारखं. पाच मिनिटांनी मास्तरांचे संथ ठोके आले: "ठोके पोचतात. ओळखत नाही. नवीन आहे का?"

दादांनी पुन्हा पाठवलं, आणखी एकदा पाठवलं. उत्तर तेच. खऱ्या किल्लीवर घोटलेला त्यांचा हात अडकित्त्यावर पार परका झाला होता. अडीच होऊन गेले, बॅटरीही उतरू लागली. दादांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"अहो, कुसुमला द्या," वहिनी म्हणाल्या. "ती घरी वाटीवर चमचा आपटूनच शिकली ना!"

खरं होतं ते. आमच्याकडे किल्ली कुठली? पहिलं वर्षभर मी पितळी वाटीवर चमच्याने सराव केला होता. अडकित्ता हातात घेतला, आणि मनगटाला ओळखीचं वाटलं. काय पाठवावं सुचेना, म्हणून पाठवलं: "मास्तर, पोपटी खायला या."

उत्तर येईना. वसंतदादांनी कानावरचे फोन काढून मधे धरले, आम्ही सगळे डोकी जुळवून ऐकत होतो. मग ठोके आले, संथ, एकेक अक्षर सुटं:

"कुसुम. शेवटची लांब ओढू नकोस."

मी किंचाळले. वहिनींनी मला मिठी मारली, दादांनी पांडूदादाला.

"मास्तर कं बोल्ला?" काकीने विचारलं.

"ओरडले मला!"

"ओररतंय ना? मंग मानूस बरा हाय."

खाली येऊन पोपटी फोडली. तितक्या गोड शेंगा मी पुन्हा खाल्ल्या नाहीत. मग सगळं सामान पांडूदादाच्या ओटीवर ठेवून शीळफाट्यावर आलो आणि पनवेलहून येणारी एस.टी. पकडून दिवेलागणीला ठाणं गाठलं. मास्तरांसाठी फडक्यात बांधून पोपटी घेतली होती.

मास्तर सेटपुढे बसले होते. शेजारी पेंढा भरलेलं लाकडी खोकं, सेट भरून न्यायला तयार ठेवलेलं. त्यावर त्यांनी पाय पसरले होते.

"मास्तर, कान चांगले आहेत की तुमचे!" दादा म्हणाले.

"कान गेलेत रे वसंता. समोरचं बोलणं कळतं, बारीक ठोके नाही कळत." मास्तरांनी सेटचा सूर फिरवून पार खाली, घुमेल इतका खाली आणला. मग माझा हात धरून भोंग्याच्या पेटीवर ठेवला. कुठल्यातरी लांबच्या स्टेशनचे ठोके बोटांना लागत होते. "आठवडाभर हेच करून पाहत होतो. आज पहिल्यांदा खात्री पटली."

ते शेंग सोलू लागले, आणि मला तेव्हा त्यांची भारी माया वाटली.

घरी पोचले तेव्हा किल्ली मिठाच्या बरणीमागे निवांत बसली होती. त्यानंतर मास्तर कित्येक वर्षं रोज संध्याकाळी तारेवर आले, आणि दर वेळी मला रागावले. खरं सांगायचं तर त्या रविवारनंतर महिन्याभरातच माझी रेघ सुधारली होती. त्यांच्याशी बोलताना मात्र मी ती लांबच ओढत राहिले, म्हणजे त्यांच्या बोटांना कळावं, मी आले.