माळा पाहणारे सासरे

आमच्या सासऱ्यांइतकी लोकांची घरे पाहिलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल, आणि तीही वरून! तेल्हाऱ्याहून अकोल्यास कोणाकडे जेवायला आले की पागोटे यजमानाच्या हाती द्यायचे, धोतर वर खोचायचे आणि पाण्याच्या तांब्याआधी शिडी मागायची. माळ्यावर चढून ते छपराचे कवेलू सरकवून पाहत, वासे हुंगत, तुळईवर बोटे आपटून वैद्यासारखा कान लावत. एका बारशाला गेले तेव्हा पाळणा राहिला बाजूला. वाळवीची माती मुठीत घेऊन उतरले आणि बाळाच्या आजोबांच्या हातावर ठेवली. "घर खाऊन राह्यली ना हे!" आजोबा कित्येक महिने बोलले नाहीत, पण वासा गुपचूप बदलला.

माझे लग्न ठरायचे होते तेव्हा विलायतेला आपल्या कापसाची हाव सुटली होती. आज विकावा तर उद्या भाव चढे, म्हणून जो तो कापूस घरातच दाबून बसलेला. आमच्या वडिलांनीही माळा गच्च भरला होता. अशात सासरे मुलीसाठी आमचे घर पाहायला आले. मुलगी मी देवळात पाहून मनात पक्की केली होती; दाराआड माझा जीव टांगणीला! लोक विहीर पाहतात, बैल पाहतात. हे थेट माळ्यावर. उतरले ते मिशांना कापूस लावून आणि तोंड पाडून.

"पाटीलबुवा, पोरगा चांगला हाये. पण तुळई वाकून राह्यली. माही पोरगी इच्याखाली निजणार हाये. कापूस उतरवा, नाहीतर मले निरोप द्या."

"भाव चढून राह्यला न् तुमी कापूस उतरवाले सांगता?" वडील कडाडले.

"भाव चढू द्या. कापूस खाली येऊ द्या."

वडील धुमसत राहिले. शेवटी आईने अबोला धरला, तेव्हा कुठे कापूस बाजारात गेला, तुळईला सागवानी खांब मिळाला आणि मला बायको. पुढे भाव आणखी चढला तेव्हा वडिलांनी व्याह्यांचा मनसोक्त उद्धार केला. भाव कोसळल्यावर मात्र त्यांनी तो विषय काढला नाही.

शेवटचे आले तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. शिडीला हात लावून उभे राहिले आणि मागे फिरले. मला फार वाईट वाटले. मग त्यांनी मुलीची बाज त्याच तुळईखाली ओढायला लावली आणि बाजेवर उताणे निजले.

"जवाईबापू, वर जा न् पाय आपटत चाला."

मी सासऱ्यांच्या डोक्यावर चांगला दणदण चाललो. खाली येऊन पाहतो, तर ते छातीवरून हात फिरवत धूळ शोधत होते. नव्हतीच.

"बाई, आता मले वर पाह्याचं काम नाही," ते मुलीला म्हणाले आणि तिथेच घोरू लागले. ती बाजेशी बसून राहिली. दिवेलागण झाली तरी तिने त्यांना उठवले नाही.