मामांच्या गळ्यातली पाकोळी

दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणण्याआधी तुम्ही त्याच्या गळ्याकडे बघता का? लगेच नाही म्हणू नका. गळ्यात सोनसाखळी दिसली की खुर्ची पुढे सरकते आणि मळकी कॉलर दिसली की माणूस उंबऱ्याबाहेरच राहतो, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. पण ज्याचा गळा पाहून नेमकं काय करावं हे कुणालाच कळत नसे, असा साऱ्या नगर जिल्ह्यात एकच माणूस झाला, आणि तो म्हणजे आमच्या आत्याचा नवरा. धोतर, सदरा, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात टायचा बो, अशा थाटात म्हशीला पाण्यावर नेणारा दुसरा माणूस मला कुणी दाखवावा.

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. या मामांची सारी नोकरी नगरच्या कॅम्पात, लष्करी साहेबांच्या मेसमध्ये वेटर म्हणून गेली. निवृत्त होताना त्यांनी पांढरा कोट परत केला, गावी येऊन पँट सोडली, पण बो ठेवला. गावाने त्याचं नाव पाकोळी ठेवलं. मूळचा काळा बो विटला तेव्हा आत्या चोळीच्या खणातून उरलेल्या तुकड्यांचे बो शिवू लागली. त्यामुळे मामा पारावर आले की आत्याने आज कुठली चोळी घातली आहे हे अख्ख्या गावाला कळे. आत्या रुसून आमच्याकडे माहेरी आली की मामा तो विटका काळा बो बांधत. मग पारावरचे म्हातारे विचारत, “काय दाजी, आज सैपाक सोताच केला जनू?” एका पोळ्याला मामांनी आपल्या बैलालाही हिरव्या खणाचा बो बांधला. मिरवणुकीत शेजारच्या बैलाने तो वैरण समजून खाल्ला. मामांनी त्या बैलाच्या मालकाला एवढंच सांगितलं की मेसमध्ये जेवणाऱ्याला कुणी हटकत नसतं.

मी मात्र ज्या घरात वाढलो तिथे मुलं धुळाक्षरांच्या आधी चळवळीची पत्रकं वाचत. गोऱ्या साहेबाने जाताना सोडलेली प्रत्येक वस्तू मला बेडी वाटे, मग ही तर थेट गळ्यातली. एकदा ओट्यावर बसून मी मामांना तासभर व्याख्यान दिलं. हा गुलामीचा पट्टा आहे, ज्यांनी तुम्हाला राबवलं त्यांची खूण तुम्ही मिरवता, वगैरे. मामा शेंगा सोलत ऐकत होते. मी दमल्यावर त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

“पुढारी,” ते म्हणाले, “तवा ह्यो दुसऱ्याच्या हुकमानं बांधायचो. आता माझ्या मर्जीनं बांधतो. ह्यात फरक हाय का न्हाई?”

मी म्हटलं, फरक आहे, पण पुरेसा नाही. त्यावर ते हसले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

मग तो दुष्काळ आला. कोपरगावकडच्या उसाच्या गोष्टी ऐकायच्या आणि आमच्याकडे रस्त्यावर खडी फोडायची, असे दिवस. गावची विहीर आटली. बाया दिवसभर खडी फोडून, संध्याकाळी कोसभर लांब पाण्याला जात. मी टँकरसाठी अर्ज लिहिले, पत्रकं काढली, बायांना घेऊन कचेरीत गेलो. दर वेळी आम्ही व्हरांड्यात उभे राहायचो आणि दर वेळी शिपाई सांगायचा, साहेब कामात आहेत.

शेवटी आत्याच म्हणाली, “ह्यास्नी घिऊन जा की.” मला ते पटत नव्हतं. पाणी मागायला बो कशाला हवा? पण आमच्याबरोबर कचेरीत येणाऱ्या हौसाबाईची सून विहिरीत उतरताना पाय मोडून घेऊन बसली होती, आणि तत्त्वापेक्षा तहान मोठी, एवढं मला कळत होतं.

मामा जांभळ्या खणाचा बो बांधून, हौसाबाई आणि बाकीच्या बायांसोबत कचेरीत आले. शिपायाने तो पाहिला आणि विडी विझवली. मुंबईहून कोणी तरी दुष्काळ पाहायला आलंय, असा त्याचा समज झाला असावा. दार सताड उघडलं. साहेब अर्धे उठून उभे राहिले आणि समोरच्या खुर्चीकडे हात करून इंग्रजीत ‘प्लीज’ म्हणाले. माझ्या अंगाची आग झाली. इतके दिवस आम्ही उभे होतो, ते काय गळ्यात चिंधी नव्हती म्हणून?

मामा बसले नाहीत. त्यांनी ती खुर्ची हलकेच मागे ओढली, खांद्यावरच्या उपरण्याने झटकली आणि मागे वळून म्हणाले, “हौसाबाई, या. बसा.” हौसाबाई पायांची धूळ बघत घुटमळली, मग बसली. ती टेकताना मामांनी खुर्ची अलगद पुढे सरकवली. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून डाव्या हाताच्या तळव्यावर तोलत तिच्यापुढे धरला. साहेब म्हणाले, अहो, तुम्ही बसा ना.

“न्हाई साहेब. ह्यो ज्याच्या गळ्यात आसतो त्यानं हुबं ऱ्हायचं. बसायचं पाव्हन्यानं.”

हौसाबाईने निम्मं पाणी पिऊन पेला सुनेसाठी जपावा तसा मांडीवर धरला आणि सांगायला लागली. विहिरीत बादली आता नुसती वाजते, पोरी अंधारात पाण्याला जातात, सून पडली. साहेब हळूहळू खाली बसले. माझा जुना अर्ज त्यांनी स्वतःच शोधून काढला. आठवडा उलटायच्या आत टँकर आला. मामा नळाशी उभे राहून म्हाताऱ्यांच्या घागरी आधी भरवत होते, आणि भांडणाऱ्या बाया त्यांची पाकोळी बघून हसत होत्या.

यंदा विहिरीला पाणी आहे. मामांचे हात मात्र आता थरथरतात, गाठ बसत नाही. आत्याच ती बांधते, पुटपुटत, आणि मामा हनुवटी वर करून शहाण्या मुलासारखे उभे राहतात. त्यांनी मला एक बो दिला आहे, त्या जांभळ्या खणाचाच. तो मी अजून बांधलेला नाही. बांधला तर आपल्याला उभं राहावं लागेल, हे आता ठाऊक आहे.

तुम्ही कुठल्या तरी टेबलामागे बसत असाल. उद्या दारात कुणी धुळीच्या पायांनी येईल. त्याच्या गळ्याकडे बघू नका. उठा, खुर्ची स्वतःच्या हाताने मागे ओढा, आणि त्याला बसवून मग विचारा, काय काम आहे.