गिनीने 'नाही' म्हणावे का?

अठ्ठावन्न सालच्या गणेशोत्सवात डहाणूच्या आमच्या वाचनालयाने वादविवाद ठेवला, आणि विषय कोणता घ्यायचा यावरच पहिला वाद झाला. त्या दिवसांत बाजारात, स्टेशनच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत बसूनसुद्धा लोक एकच गोष्ट बोलत: मुंबईचं द्विभाषिक राज्य टिकणार की मोडणार, आणि मोडलं तर डहाणू महाराष्ट्रात जाणार की गुजरातेत. पण वाचनालयाचे निम्मे सभासद घरी मराठी बोलायचे आणि निम्मे गुजराती. आमचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. ते म्हणाले, "हा विषय घेतलात तर आरतीला दोन गणपती आणावे लागतील. लांबचं काहीतरी घ्या. जिथली माणसं इथे भांडायला येणार नाहीत असं."

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक बातमी होती. फ्रान्सने आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींना विचारलं होतं, आमच्याबरोबर नव्या व्यवस्थेत राहता, की 'नाही' म्हणून स्वतंत्र होता? जो 'नाही' म्हणेल त्याला दुसऱ्या दिवसापासून मदत बंद. महिनाअखेरीला मतदान होतं, आणि गिनी नावाचा एक देश 'नाही' म्हणण्याच्या बेतात होता. डॉक्टरांना हे एकदम पसंत पडलं. फळ्यावर विषय लिहिला गेला: 'गिनीने फ्रान्सला नाही म्हणावे.' तो वाचून एका सराफाने मला गंभीरपणे विचारलं, "बाई, गिनी म्हणजे सोन्याचीच ना?"

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. अलिबागहून प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून आले होते आणि मावशीकडे राहत होते. समुद्राकडच्या बाजूला मावशीच्या यजमानांची, म्हणजे काकांची, चिकूची वाडी होती. काका पन्नाशीचे, उंच, स्वभावाने प्रेमळ. पण कुठलाही बदल म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नवी कलमं, मुलींनी सायकल चालवणं आणि चहात आलं, या तिन्ही गोष्टींना त्यांचा सारखाच विरोध होता. वादविवादात त्यांनी नाव दिलं ते केवळ मावशी म्हणाली म्हणून. "घरात एवढं बोलता, एकदा लोकांसमोर बोलून दाखवा."

बाजू चिठ्ठ्यांवर ठरणार होती. मी स्वातंत्र्याच्या बाजूने काय काय बोलायचं ते वहीत लिहूनच गेले होते. चिठ्ठी उघडली तर 'विरुद्ध'. काकांनी आपली उघडली. 'बाजूने.' सगळं वाचनालय हसलं. काका चिठ्ठीची मागची बाजू पाहू लागले, जणू तिथे काही सुधारणा लिहिली असावी.

मग पंधरा दिवस आमच्या घरात दुसरं काही चाललं नाही. अडचण अशी की मला काकांचे मुद्दे सुचत होते आणि काकांना माझे. शेवटी आम्ही तह केला. मी त्यांचं भाषण लिहायचं, त्यांनी माझं.

"हे लिही," ते जेवताना म्हणायचे, "त्यांची केळी आज फ्रान्समध्ये विकतात. उद्या कोण घेणार? माल नासायला चार दिवस लागत नाहीत. आमच्या चिकूचं तसंच आहे. गाडी एक दिवस चुकली की संपलं."

"आणि तुम्ही असं म्हणा," मी सांगायची, "की केळी आधी त्यांची आहेत. कुणाला विकायची ते त्यांनी ठरवावं."

"हे फार टाळ्यांचं वाक्य झालं."

"टाळ्याच हव्यात ना?"

"दवाखाने कोण चालवणार? रेल्वे? शाळेत मास्तर कुठून येणार?"

"आपल्याकडे कुठून आले?"

मावशी भात वाढता वाढता म्हणाली, "गिनी ताटाबाहेर ठेवा. आमटी निवतेय."

तरी तिलाही त्याचा नाद लागला होता. एकदा मी भाजी चिरत असताना तिने हळूच विचारलं, "तिथल्या बायकांनाही मत आहे का गं?" असावं, मी म्हटलं. "मग होतील स्वतंत्र," ती म्हणाली आणि कढई पुसायला लागली.

काकांनी दिलेले मुद्दे चांगले होते, पण ते सगळे व्यापाऱ्याचे होते. मला भीती दाखवायची होती, आणि भीती कशी असते ते मला माहीत नव्हतं. वाडीत एक वारली बाई कामाला यायची. तिचं माहेर तलासरीजवळच्या एका पाड्यावर, सासर रानशेतला. चिकूच्या बुंध्यांभोवतीची आळी ती अशी भराभर साफ करायची की बघत राहावं. ती सगळ्यांना 'तू' म्हणायची, काकांनासुद्धा, आणि काकांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. एका दुपारी शाळेतून आल्यावर मी तिच्याजवळ झाडाखाली बसले आणि गिनीची सगळी हकीकत तिला सांगितली.

ती हात न थांबवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे धनी विचारतो, राहतं का जातं?"

"हो."

"आमाला कोणी विचारला नव्हता. आमीच सांगितला. वेठ करणार नाय."

ही गोष्ट मला अर्धवट ठाऊक होती. देश स्वतंत्र व्हायच्या एकदोन वर्षं आधी तलासरीकडच्या वारल्यांनी जमीनदारांच्या शेतावर फुकट राबायला नकार दिला होता, लाल बावटे लागले होते, गोळीबारही झाला होता. पण माझ्याशी त्याबद्दल कोणी स्वतः त्यातलं माणूस बोललं नव्हतं.

"मग काय झालं?"

"शेटानं बैल परत नेले. पेरणीच्या तोंडावर. बैल त्याचेच होते ना. माझा बापूस आनी चुलता खांद्यावर जू घेऊन नांगर ओढीत. आमी पोरी मागून. अर्धाच शेत झाला. मग रानातले कडू कंद. रात्रभर उकडायचे, पानी फेकायचा, परत उकडायचे. तरी तोंड कडूच." ती हसली. "एक सबंद पावसाळा."

"पुन्हा वेठीला जावं असं वाटलं नाही?"

"वाटला तर. भूक लागल्यावर वाटतोच." तिने खुरपं बाजूला ठेवलं. "पन कोणी गेला नाय."

कोणत्या शेटाने बैल नेले ते मी विचारलं नाही. तिथे शेट पुष्कळ होते. आणि खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष, हे भाषणात कुठे बसेल, याच्याकडे होतं. काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. प्रतिपक्षाला चकित करण्याची हौस, दुसरं काय!

वादविवाद दुपारी चारला सुरू झाला. वाचनालयाच्या दिवाणखान्यात गणपती, त्याच्या उजव्या हाताला 'बाजूने'चं टेबल, डाव्या हाताला 'विरुद्ध'चं. खिडक्यांबाहेरही माणसं उभी होती. मी आधी बोलले. केळ्यांचं, दवाखान्यांचं, रेल्वेचं सगळं सांगितलं आणि मग आवाज खाली आणून म्हटलं, "लांब कशाला जायचं? आपल्या तालुक्याशेजारी दहाबारा वर्षांपूर्वी काही माणसांनी धन्याला 'नाही' म्हटलं. धन्याने पेरणीच्या तोंडावर बैल परत नेले. माणसांनी स्वतःला नांगराला जुंपून घेतलं. पावसाळाभर कडू कंद खाल्ले. 'नाही' म्हणायला एक क्षण लागतो. त्यानंतरचा पावसाळा कोण भोगतो? सभेत टाळ्या देणारे, की घरातली पोरं? गिनीच्या लोकांनी याचा विचार करावा."

टाळ्या पडल्या नाहीत. दिवाणखाना अगदी शांत झाला. मला वाटलं, काय परिणाम साधला! मग पाहिलं की पुढच्या रांगेतले दोन वाडीवाले खाली बघतायत आणि मावशीने पदर तोंडाशी धरलाय.

काका उठले. मी लिहून दिलेले कागद त्यांच्या हातात होते. ते त्यांनी टेबलावर ठेवले, चष्माही काढून ठेवला.

"आधीच्या वक्त्या बोलल्या ते खरं आहे," ते म्हणाले. "ते बैल आमचे होते."

कुणीतरी खोकलं. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"तलासरीकडे आमची भातजमीन होती. आता ती कुळांच्या नावावर होतेय. त्या वर्षी आम्ही पाचसहा जणांनी ठरवलं, बैल काढून घ्यायचे. मी स्वतः गेलो होतो. मला वाटलं, आठ दिवसांत येतील. आठ दिवसांनी वाटलं, पंधरा दिवसांत येतील. बैल गोठ्यात बसून खात होते आणि तिकडे माणसं नांगर ओढतायत असं गडी येऊन सांगायचा. मी म्हणायचो, येतील. कोणी आलं नाही. शेवटी मीच निरोप पाठवला, की वेठ नको, रोजंदारी ठरवून या. म्हणजे शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. माझं गवत कापायला माणूस नव्हतं."

खिडकीबाहेर एकजण हसला. काकाही किंचित हसले.

"माझी बाजू आहे की गिनीने 'नाही' म्हणावं. फ्रान्स त्यांचे बैल नेईल, यात मला शंका नाही. नेणारा मी होतो, म्हणून सांगतो. पण नेणाऱ्यालाही घरी बसून वाट बघावी लागते, आणि ती फार दिवस बघवत नाही. बाकीचं भाषण आमच्या भाचीने चांगलं लिहून दिलंय, ते तिच्याकडून वाचून घ्या."

ते बसले. एका तांब्याच्या हंड्यात लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या. 'बाजूने' जिंकली. माझ्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्यांत एक, मला नंतर कळलं, काकांची होती. केळ्यांचा मुद्दा त्यांना अजून पटत होता.

घरी येताना मावशी पुढे चालत होती. मी काकांना म्हटलं, "मला माहीत नव्हतं. तुमच्याबद्दल आहे हे माहीत असतं तर..."

"तर बोलली नसतीस. म्हणजे बरंच झालं."

"वाडीतल्या बाईने मला हे सांगितलं, तिच्या बापाचं. तिला कामावरून काढणार नाही ना?"

ते चालता चालता थांबले, खरोखरच चकित होऊन. "तिला? वाडी मग काय तू साफ करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाडीत गेले. मी मागोमाग गेले, कारण गोष्ट मी फोडली होती. ते बराच वेळ एका झाडाची फांदी बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाची गोष्ट काल सभेत निघाली."

"कोणी काढली?" तिने विचारलं. मी हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा.

"मंग? लोक काय बोलले?"

"तुमची बाजू जिंकली," काका म्हणाले.

ती खुरपं घेऊन बसलीच होती, ती मोठ्याने हसली. "आता? एवढ्या वर्सांनी?" माफी काकांनी मागितली नाही. त्या पिढीतल्या वाडीवाल्याला ते जमण्यासारखं नव्हतं, आणि तिनेही वाट पाहिली नाही. तिने मलाच विचारलं, "ते तुझे गिनीवाले, त्यांच्याकडं पाऊस पडतो?"

"खूप."

"रानात कंद हायेत?"

"असतील."

"मंग ऱ्हातील," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

महिना संपता संपता मतदान झालं. गिनी 'नाही' म्हणाली, बाकीच्या वसाहती 'हो' म्हणाल्या. फ्रेंचांनी जाताना टेलिफोनसुद्धा उपटून नेले, असं पुढे कुठेतरी वाचलं. रेडिओवर ती बातमी ऐकली तेव्हा काकांनी फक्त "हं" केलं आणि मावशीने सगळ्यांना शेवयांची खीर केली. निमित्त काय, असं काकांनी विचारलं तर म्हणाली, "शेवया उरल्या होत्या."

काकांचे वाडीवाले मित्र मात्र रागावले. इतकी वर्षं झाकलेलं त्यांनी गणपतीसमोर उघडं केलं होतं, आणि 'पाचसहा जणांनी' या शब्दांत बाकीचे कोण ते गावाला ठाऊक होतं. दर रविवारी पत्ते खेळायला येणारी मंडळी दोन महिने फिरकली नाहीत. काका एकटेच ओसरीवर पेशन्स लावत बसायचे, आणि हरायचे. मग क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. चांगला रेडिओ त्या आळीत एकच होता, आमचा.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली तलासरीकडच्या एका शाळेत झाली. काका म्हणाले, ट्रंक जड आहे, मी सोडायला येतो. एसटीतून उतरल्यावर पाड्यापर्यंत चालायचं होतं. ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली, मला हातही लावू दिला नाही. इतक्या वर्षांत ते त्या भागात गेले नव्हते. शेतांत पेरणी चालली होती. एका बांधावर म्हातारा उभा होता, त्याने काकांना, आपल्या जुन्या शेटाला, ओळखलं. काकांनीही ओळखलं असावं, कारण त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

म्हाताऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ही मास्तरीण?"

"भाची आहे माझी," काका म्हणाले.

"बरी शिकवल का?"

"बोलते तरी बरी."

म्हाताऱ्याने झोपडीसमोरची बाज झटकली, आतून तांब्याभर पाणी आणवलं. दोघं शेजारी बसून यंदा पाऊस कसा लवकर आलाय ते बोलत राहिले. मी शाळेची एकुलती एक खोली उघडून झाडून घेतली. तासाभराने काका निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांच्या हातात म्हाताऱ्याने दिलेली पडवळं होती. परतीच्या एसटीत ती मोडू नयेत म्हणून त्यांनी आपली टोपी काढून त्यांच्याभोवती गुंडाळली आणि उघड्या डोक्याने रस्त्याकडे चालायला लागले.