स्वल्प ओल्या मैदानावरची रेस

बंगळूरूला गेलो ते हौस म्हणून नव्हे. भाचा अनिकेत रेसचा घोडा सुचवणारं ॲप काढायला चांगली नोकरी सोडायला निघाला होता. अक्का फोनवर म्हणाली, "तूच वळव त्याला. रेसमधलं तुला कळतं." कळतं, कुठल्या क्लासात न जाता शिकलोय.

बेळगावहून रात्रीची गाडी बरी. स्टेशनवरून अनिकेतच्या घरी, एचएसआर लेआउटला जाताना रिक्षावाला "स्वल्प ट्रॅफिक, अण्णा" म्हणाला आणि तासभर एका पुलाखाली बसवलं. या शहरात स्वल्प म्हणजे थोडं, हा समज सोडूनच उतरा. दुपारी शिवाजीनगरात खाल्लेला खाली डोसा, म्हणजे आत भाजी नसलेला, तेवढा निर्दोष.

डोसा खाताना अनिकेतने अट घातली, "ॲपचा घोडा हरला तर राजीनामा देत नाही. जिंकला तर आईला तू समजवायचं."

"चालेल," मी म्हणालो. निर्धास्त होतो.

रेसकोर्सच्या फाटकावर त्याने पहारेकऱ्याला मैदान कसं आहे विचारलं. "स्वल्प ओद्दे," तो म्हणाला. आमच्या भाचेसाहेबांनी ॲपमध्ये भरलं: किंचित ओलं. पहिल्याच रेसला खुरांमागे चिखलाची ढेकळं उडत होती.

ॲपने निवडलेला घोडा सुरुवातीपासून पुढे पळणारा, आतल्या कठड्याला चिकटून. कोरड्या मैदानावर ते ठीक, अंतर वाचतं. पण ओल्यात आधीच्या रेसांनी आतली बाजू उकरलेली असते. पुढचा घोडा तिथे रुततो, दमतो. मागून, बाहेरच्या शाबूत गवतावरून येणारा जिंकतो.

"घोडा कसा पळतो ते तुझ्या ॲपला कळतं," मी म्हणालो, "कशावर पळतो ते नाही."

"बघू ना मामा."

रेस सुटली. जॉकीला डोळे होते. त्याने घोडा मागे धरला, शेवटच्या वळणावर बाहेर काढला, गवतावरून आणला आणि जिंकला. अगदी मी सांगितलं तसं.

"बघ मामा, ॲप."

"अरे, ॲपने तो पुढे पळेल म्हणून निवडलेला. तो सगळी रेस मागे होता."

"पण जिंकला ना?"



घरी येऊन अक्काला फोन केला. शब्द दिला होता. म्हटलं, "पोराचं गणित साफ चुकलं."

"म्हणजे नोकरी सोडत नाही ना?"

"सोडली."

"मग चुकलं कुणाचं?"

मी ओली माती, आतली बाजू, जॉकीचा हात असं क्रमाने सांगायला लागलो. तिने केव्हाच फोन ठेवला होता.