सासूबाई, विज्ञान आणि उसाच्या कडेचा कॅमेरा

मी मंचरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि राहते पेठ गावाजवळच्या एका वस्तीवर. जगात काय नवीन शोध लागतायत ते वर्गात सांगता यावं, म्हणून रोज संध्याकाळी मोबाइलवर विज्ञानाच्या बातम्या वाचते. वाचते ती मोठ्यानं. शेजारी सासूबाई वाटाणे सोलत बसलेल्या असतात, आणि मी गप्प राहून वाचलं की त्यांना वाटतं, ही माहेरच्यांशी काहीतरी गुपित बोलतेय.

एकदा मी सांगितलं, फार लांबच्या एका ग्रहावर पाण्याची वाफ सापडली. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं लाइट आली का बघ आधी. मोटार चालू करायचीय."

गेल्या हिवाळ्यात मी जुन्नरच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली, पुढच्या काळातल्या एका भयंकर शहराची. तिथं प्रत्येक भिंतीला डोळे. कोण कुठं गेलं, कुणाशी बोललं, किती हसलं, सगळ्याची नोंद. भोंगा झाला की उठायचं, ताटात येईल ते खायचं, लग्नसुद्धा वरचे लोक ठरवणार. मला वाचून झोप लागेना, म्हणून मी सगळी गोष्ट सासूबाईंना सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "ह्यात पुढं व्हनारं काय हाय? माझ्या लग्नानंतरची धा वर्सं अशीच व्हती. भोंग्याच्या जागी सासू व्हती, येवढाच फरक."



त्याच महिन्यात वस्तीवर, उसाच्या कडेला, खांबावर कॅमेरा बसला. उसातून बिबट्या निघाला की तो ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा. वस्तीला आनंद झाला. मला एकटीलाच घोर लागला. बिबट्याला ओळखतो तर माणसांनाही ओळखत असेल, आणि ती माहिती जाते कुठं? शेजारच्या भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, बिबट्याची माहिती काय बिबट्याला कळवनार हायेत का?"

शेवटी एका रविवारी सकाळी मीच तपासायला निघाले. थंडी होती, म्हणून सासूबाईंची तपकिरी शाल डोक्यावरून घेतली. खांबाच्या बुडाशी एक डबा होता, त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. वाकून दिसेना. मग हात टेकले आणि उसाच्या कडेनं तशीच रांगत पुढे गेले.

भोंगा वाजला.

खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बिबट्या मागंच आहे. मी जीव मुठीत धरून उसात घुसले. आत शिरल्यावर ध्यानात आलं की बिबट्या असलाच तर तो इथंच असणार. तोवर माणसं काठ्या आणि डबे घेऊन धावत आली होती. पुढं सासूबाई.

"थांबा राव," त्यांचा आवाज आला. "ती शाल आमची हाय."

"आन् शालीत कोन हाय?" भाऊंनी विचारलं.

"शालीत सून आसंल."

मी बाहेर आले. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुपारी कॅमेऱ्याचा माणूस मोटारसायकलवर आला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. मी चार पायांवर, भोवती लाल चौकट, खाली लिहिलेलं: बिबट्या.

"मॅडम, तुमी चालत आला असता तर कायबी झालं नसतं," तो म्हणाला. "आता तुमचं चार-पाच फोटो घेतो. मशिनला शिकवावं लागंल, ही बाई हाय म्हनून."

मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले, शाल घेऊन आणि शालीशिवाय उभी राहिले. त्या यंत्राला ओळखता येईल असं आख्ख्या वस्तीत आता एकच माणूस होतं.

तेवढ्यात सासूबाई घरात जाऊन ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या.

"माझाबी घे," त्या म्हणाल्या.

"आजी, तुमचा कशाला?"

"बघायचंच आसंल त्याला, तर नीट बघू दे."

त्यानं फोटो काढला. मग सासूबाईंनी त्याला दुपारी दोन ते चार, त्यांच्या झोपेच्या वेळात, भोंगा हळू वाजवायला सांगितलं, आणि तो वहीत लिहून घेतोय का ते वाकून बघितलं.