पेल्यावरचं नाव

नवऱ्याच्या हिंजवडीच्या ऑफिसातली एक मुलगी सुट्टीच्या दिवशी भांडी वाजवण्याचे कार्यक्रम करते, हे कळल्यावर मी म्हटलं, मी तर रोज वाजवते, मला ऐकायला कोणी येत नाही. पण त्याने तिला "येतो" म्हणून सांगून टाकलं होतं. कार्यक्रम मुळशीत होता, पौडच्या पुढे, एका शेतकऱ्याच्या खळ्यावर. अट एकच होती. प्रत्येकाने घरातलं चांगला नाद असलेलं भांडं आणायचं. ती मंडळी ते वाजवणार आणि शेवटी ज्याचं त्याला परत देणार.

मी परात काढली. आईने लग्नात दिलेली, जाड, काठावर माझं माहेरचं नाव घातलेली. आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानातच मशीनने त्यावर नाव घालून घेतात. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कोणाकडून, सगळं कोरलेलं. घरच्या कार्याला भांडी इकडची तिकडे जातात, नाव असलं की फिरून आपल्या घरी येतात.

घरात असंच नाव घातलेलं आणखी एक भांडं आहे. आमच्या मुलीचा दुधाचा पेला. तिच्या बारशाला तिच्या आत्याने दिला होता. नाव आत्याच ठेवणार होती, त्यामुळे तिने ते आधीच कोरून आणलं होतं, आणि पाळण्याशी वाकून कानात सांगायच्या आत जमलेल्या सगळ्या बायकांनी ते पेल्यावर वाचून टाकलं होतं. त्यावरून आत्या किती चिडली होती. मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली.

त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. असं काही ठरवलं नव्हतं. मी एकदा घेतलं तेव्हा नवरा भरल्या ताटावरून उठून गेला, म्हणून मग मी पुन्हा घेतलं नाही. पेला फडताळात मागे गेला, त्याच्यापुढे डबे आले. बावधनला राहायला आलो तेव्हा नव्या शेजाऱ्यांनी विचारलं, मूलबाळ आहे का, आणि तो म्हणाला, "नाही." त्याच्या ऑफिसात तर कोणालाच काही माहीत नाही. प्रत्येकाची दुःख करायची तऱ्हा वेगळी असते वगैरे मी स्वतःला पुष्कळ समजावते. पण खरं सांगायचं तर त्या "नाही"चा मला संताप येतो. चार वर्षं घरभर नाचलेली पोर एका शब्दात नाहीशी करायची म्हणजे काय?

तर आम्ही निघालो. भूगाव, भुकूम, पिरंगुट, जिथे अडकायचं तिथे अडकत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भाताची झोडणी होऊन गेली होती, खळं ताजं सारवलेलं होतं, त्यावर गोणपाटं अंथरून भांडी मांडायचं काम चाललं होतं. परातीची कापडी पिशवी नवऱ्याकडे होती, तो भांडं जमा करायला गेला. मी खळ्याच्या मालकिणीजवळ ओट्यावर टेकले. साठीच्या असतील. वाजवणारे, ऐकणारे, सगळेच त्यांना मावशी म्हणत होते.

"भांडी वाजवाय एवढ्या लांबनं आलाय व्हय तुमी?" त्यांनी विचारलं.

"आलोय खरं."

"आमच्या हितं सून रोज आदळतीया. तिकीट लावाय पायजे." मग चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "लेकरं न्हाई आणली?"

नवरा तेवढ्यात परत आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आम्हाला मुलं नाहीत, मावशी."

"बरं," म्हणून त्या आत गेल्या. मी चहा तसाच कठड्यावर ठेवून दिला.

कार्यक्रम सुरू झाला हे मला बराच वेळ कळलंच नाही. मला वाटलं, अजून तयारी चालली आहे. कोणी घागरीत थेंब थेंब पाणी सोडत होतं, कोणी पातेल्याच्या कडेवरून व्हायोलिनची काठी ओढत होतं. भांड्यांना इवलेसे माइक चिकटवलेले, त्यांच्या वायरी एका लॅपटॉपकडे गेलेल्या, आणि त्यातून तो आवाज मोठा होऊन, लांबून, खळ्याभोवती लावलेल्या स्पीकरमधून येत होता. ताल नाही, सूर म्हणावा तर तोही नाही. मधेच सगळे हात आवरून बसायचे, आणि मग बांधापलीकडच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू यायची. माझ्या परातीवर त्या ऑफिसातल्या मुलीने मूठमूठ भाताचे दाणे सोडले तेव्हा मात्र मी सरसावून बसले. इतकी वर्षं कणीक मळलेली परात, तिच्यात असा पाऊस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग अंधार पडला. कोणी दिवे लावले नाहीत. आणि त्या अंधारात एक बारीक, टणक आवाज आला. टिंग. थांबून पुन्हा टिंग, टिंग. चमच्याने पेला वाजवल्याचा. आमची पोर दूध नको असलं की असंच वाजवायची, मी स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंत. स्टीलचे पेले सगळे सारखेच वाजतात, असं मी मनाशी म्हटलं. लॅपटॉपच्या उजेडात शेजारी बघितलं. नवरा डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, झोपला. मला त्याचा इतका राग आला की पुढचं काही मी नीट ऐकलंच नाही.

शेवटी दिवे लागले आणि भांडी परत द्यायला सुरुवात झाली. ती ऑफिसातली मुलगी माइकवर एकेका भांड्यावरचं नाव वाचत होती. कुणाच्या सासऱ्यांच्या साठीची कळशी निघाली, कुणाच्या मोडलेल्या साखरपुड्याचं तबक, आणि लोक हसत होते. मावशी तांदळाची पाटी घेऊन शेजारी उभ्या होत्या. प्रत्येक भांड्यात मूठभर तांदूळ घालत होत्या. "दारात आलेलं भांडं रिकामं धाडू न्हाई," एवढंच म्हणायच्या.

माझी परात मिळाली. मी वळले, आणि माइकवरून माझ्या मुलीचं नाव आलं.

पूर्ण नाव. तिचं, तिच्या बाबाचं, आडनाव. खळ्याच्या चारी बाजूंनी. इतक्या वर्षांनी ते मी कानांनी ऐकत होते, आणि मला हलता येईना.

"बारशाचा पेला आहे," ती मुलगी हसत म्हणाली. "कुठे आहे ही छोटी?" तिने पुन्हा नाव घेतलं. नुसतं नाव, लाडाने, शेवटचं अक्षर लांबवून. लोक आपापल्या मुलांकडे बघू लागले. "ये ना पुढे. लाजू नकोस."

नवरा उठला. खळं ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सर, तुम्ही?"

"ती आली नाहीये," तो म्हणाला. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "मी तिचा बाबा."

"मला माहीतच नव्हतं, सर. तिला सांगा हं, तिचा पेला सगळ्यांत सुंदर वाजला."

"सांगतो," तो म्हणाला.

मावशींनी पेला हातात घेतला. नवऱ्याकडे बघितलं. "मगाशी न्हाई म्हणला होतात," त्या हळूच म्हणाल्या.

"चार वर्षांची होती, मावशी."

पेला त्यांनी काठोकाठ भरला.

गाडीत तो पेला मी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. पिरंगुट मागे पडलं. मग मी विचारलं, "कधी काढलास?"

"परवा. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस तर?" तो म्हणाला, "मला फक्त एकदा वाजलेला ऐकायचा होता. परत देताना नाव वाचतील हे डोक्यातच आलं नाही." आणि मग गाडी बाजूला घेऊन तो रडला. मी त्याला असं रडताना ती गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. माझे हात पेल्याभोवती अडकले होते, तांदूळ सांडतील म्हणून मला ते सोडवता येईनात.

सकाळी त्या तांदळाचं काय करायचं ते मला कळेना. डब्यात ओतवेना. तो ओट्याशी येऊन उभा राहिला आणि त्याने तिचं नाव घेतलं. म्हणाला, तिला करायचीस तसा कर, गुरगुट्या भात. मी केला. दोघं जमिनीवर बसून जेवलो. मीठ कमी पडलं होतं. तिला तसाच लागायचा.