मामांचा दम आणि संस्थेची खुर्ची

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दम लागतो म्हणून मी त्यांच्यासाठी खुर्ची नेली आणि त्या खुर्चीतच त्यांचा जीव घाबरा केला.

खुर्ची आमच्या दूध संस्थेची. दुष्काळात दूध आटलेलं, संस्थेत बसायला मी एकटा सचिव. बाकी खुर्च्या रिकाम्याच. तिच्या पाठीवर संस्थेचं नाव रंगवलेलं. मोटारसायकलला ती उलटी बांधून, मागं बायकोला बसवून पाटोद्याहून कड्याकडं निघालो, तर वाटेत जो तो विचारायचा, "सचिव, राजीनामा दिला का?"

मामा त्या उन्हाळ्यात दोन गायी घेऊन चारा छावणीत राहायला होते. खोपीत बाज टाकलेली. दर रविवारी आम्ही डबा घेऊन जायचो, आणि मोटारसायकलचा आवाज आला की मामा उठून बसायचे, टोपी घालायचे. जावयासमोर आडवं पडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना खुर्चीत बसवलं. "ताठ बसा मामा. छाती मोकळी झाली की दम बसतो." हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं, पण सचिवाला सगळं माहीत असावं लागतं.

थोड्या वेळात मामांचे ओठ जांभळट पडले.

"आबा, कावून दम लागतुया एवढा?" बायको घाबरली.

"काय न्हाई गं. ऊन लई हाय," मामा सावलीत बसून म्हणाले.

शेजारच्या खोपीतला म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी आलाव की लागतो बघा त्याला दम. बाकी सहा दिवस बाजेवर पडून गप्पा हाणतंय की बेनं."

मला ते फार लागलं. इतका काही मी वाईट जावई नव्हतो.

मंगळवारी मामांना बीडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. यकृताचा आजार जुनाच होता. तरुणपणीची कावीळ अंगात मुरली आणि यकृत हळूहळू निबर होत गेलं. दारूचा थेंब नाही, तरी गावानं कुजबुज केलीच. पण दमाचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी मामांच्या बोटाला चिमटा लावला. आडवे असताना ऑक्सिजनचा आकडा बरा होता. बसवलं तसा उतरत गेला.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"मशीन नाही, यकृत," बाई म्हणाल्या. "त्यामुळं काहींच्या फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. रक्त पुरेशी हवा न घेताच पुढं जातं. बसलं की ते आणखी वाढतं. यांना बसवून ठेवू नका."

मला संस्थेची खुर्ची आठवली.

औषधानं हे हटणार नव्हतं, आणि यकृत बदलायची शस्त्रक्रिया त्यांच्या वयाला झेपणारी नव्हती. घरी ऑक्सिजन लावायचा, दम लागला की आडवं व्हायचं, एवढंच हातात होतं. गायी शेजारच्या म्हाताऱ्यावर सोपवून मामा घरी आले.

रविवारी गेलो, तर मामा नाकातली नळी सावरत, टोपी घालून बाजेवर बसलेले. ओठ पुन्हा तसेच.

"मामा, पडा. डॉक्टरीणबाई काय म्हणल्या?"

"त्यांना... कुठं जावई हाय?" एवढं बोलतानाही ते दोनदा थांबले. "पाव्हण्याफुडं पाय पसरू व्हय? मेलो तरी न्हाई."

बायकोनं समजावलं, चिडली, डोळे पुसले. मामा हलेनात. मग मी चपला काढल्या, खालच्या सतरंजीवर सरळ उताणा पडलो आणि पाय लांब केले.

"हे काय, जावईबापू?"

"मला पडायचंय मामा. पण तुम्ही मोठे बसलेले, मी खाली पडलेला, बरं दिसत नाही. तुम्हीही पडा, म्हणजे माझा संकोच जाईल."

मामा छातीतल्या छातीत हसले. "लई शाने हाव तुमी." टोपी काढून पोटावर ठेवली आणि हळूहळू आडवे झाले. आम्ही दोघं वरच्या पत्र्याकडं बघत गायींविषयी बोलत राहिलो. त्यांची वाक्यं मधे न तुटता पुरी व्हायला लागली, आणि मला खरंच झोप लागली. घोरलोही म्हणे.

निघताना बायको मोटारसायकलपाशी जरा थांबली.

"लग्नापासून तुमी आडवं पडलाव की मला राग यायचा," ती म्हणाली. "आता दर रविवारी यायचं, आन् आल्या आल्या पडायचं."